पाण्याचे कष्ट तिचे; कारभार कोणाचा?

कोणती विहीर फाल्गुनात तळ गाठते, कोणत्या आडाचे पाणी मचूळ, कोणत्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे गावातील स्त्रीस अचूक ठाऊक असते. पाणी आणण्याचे काम तिचे; पाण्याचा कारभार मात्र चावडीवरचा. ही वाटणी जुनीच आहे.

कायद्याने ती मोडावयास प्रारंभ केला आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या सूचनांनुसार ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही निम्मे सभासद स्त्रिया असावयास हव्यात. नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा भरविण्याची तरतूदही कायद्यात आहे. परंतु सही तिची आणि निर्णय पतिराजांचा, असे जेथे घडते तेथे नुसते कागद काळे होतात. खुरपणीच्या वेळी सभा ठेवावयाची आणि ‘बाया येत नाहीत’ असा शेरा मारावयाचा, हा तर निव्वळ कांगावा होय.

पाणी शुद्धीकरणाचेच उदाहरण घ्यावे. हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. अर्ध्या तासानंतर पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे. पावडर उघडी वा ओलसर जागी राहिल्यास तिचा जोर जातो. धान्याची कोठी सांभाळणारीस हे निराळे शिकवावे लागत नाही. तपासणी संचाने पाणी तपासण्यास गावोगावी पाच स्त्रियांना शिकविण्याची योजना मिशनमध्ये आहे, ती उत्तमच. पण दोष आढळल्यावर पावडर मागविण्याचा वा दूषित पाणी बंद करविण्याचा अधिकार तिला नसेल, तर त्या तपासणीचा उपयोग काय? पावडरीचा साठा, पाणीपट्टीची वही आणि व्हॉल्वची चावी समितीतील स्त्रियांच्या हाती प्रत्यक्ष सोपविली पाहिजे.

शौचालयाचेही तसेच. जागा पुरुषांनी ठरवावयाची आणि तेथे पाणी वाहून न्यावयाचे स्त्रियांनी! दोन खड्ड्यांच्या शौचालयात पहिला खड्डा भरल्यावर तो निदान वर्षभर बंद ठेवावा लागतो. मग त्यातील मैल्याचे शेतास योग्य खत होते. हा हिशेब घरात जिला ठेवावयाचा, तिलाच आखणीच्या वेळी विचारावे. मोरीचे सांडपाणी परसबागेस कसे वळेल, हेही तीच सांगेल.

पुढील सभेची वेळ ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पाणवठ्यावर विचारूनच ठरवावी. बहुधा ती रात्रीची जेवणे आटोपल्यानंतरची निघेल.