पहिले पॅड, पहिले ग्लोव्हज

चिखल्यासारख्या खाणगावात मुले टेनिसच्या चेंडूवर खेळतात, तोवर प्रश्न उद्भवत नाही. सीझन बॉल हाती आला की पॅड व ग्लोव्हजसाठी तुमसर वा नागपूर गाठावे लागते. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मोठे पॅड घेणे ही आपली व्यापारी काटकसर येथे चुकते. गुडघा पॅडच्या मधल्या गादीत नेमका बसला पाहिजे, अन्यथा धाव घेताना मूल अडखळते. पॅडचे आवरण आता बहुधा कृत्रिम असते. श्रावक घरांसाठी खरी मेख ग्लोव्हजच्या तळव्यात आहे : तो मऊ तळवा पुष्कळदा मेंढीच्या चामड्याचा असतो. सुती तळव्याचे ग्लोव्हजही मिळतात. लवकर झिजतात, तरी दुकानदारास स्पष्ट विचारून तेच घ्यावेत. मग मूल विचारते, ‘आणि चेंडू?’ तो चामड्याचाच. आमच्या घरी त्यावर अद्याप एकमत झालेले नाही.