सायरन बंद असतो तेव्हाही आम्ही कामावरच असतो

पुणेकरांनो,

हे पत्रक तुमच्या हातात देणारा माणूस तुमच्या ओळखीचा नसेल. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीतून घरच्या म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून खाली उतरवायची वेळ आली, तर खुर्चीचे खालचे दोन पाय धरून उलटं उलटं जिना उतरणारा तोच असतो. आम्ही खासगी रुग्णवाहिकांवरचे चालक आणि मदतनीस. कंपनीचं नाव इथं मुद्दाम छापलेलं नाही. छापलं तर उद्या सकाळी गाडीच्या किल्ल्या काढून घेतील, हे एक कारण. दुसरं असं की तिथं दुसऱ्या कंपनीचं नाव घातलं तरी पुढचा मजकूर फारसा बदलावा लागणार नाही.

अपघात झाला की तुम्ही 108 लावता. ती सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, फुकट आहे, आणि ती असायलाच हवी. पण डिस्चार्जनंतर घरी सोडायचं, डायलिसिसला आणायचं, डॉक्टरांनी हात टेकले म्हणून पेशंटला गावी न्यायचं, तेव्हा हॉस्पिटलच्या गेटबाहेर उभी असलेली खासगी गाडीच बघावी लागते. त्या गाडीचं बिल तुम्हाला माहीत आहे. त्या बिलातलं आमच्यापर्यंत किती येतं, ते आम्ही सांगतो.

गेल्या महिन्यातली आमच्यातल्याच दोघांची एक ड्युटी घ्या. सकाळी आठला हजेरी. अकरापर्यंत कॉल नाही. कॉल नाही म्हणजे सुट्टी नव्हे. गाडी सोडायची नाही, फोन उचलायला दुसरी घंटा होऊ द्यायची नाही, लघवीला जायचं तर एकाने गाडीपाशी थांबायचं. दुपारी डायलिसिसचे दोन पेशंट घरी सोडले. रात्री दहाला लातूरचा कॉल आला. ऑक्सिजनवरचे आजोबा, सोबत त्यांची मुलगी. बार्शीमार्गे पहाटे साडेचारला पोचले. तिथं बेड मिळेपर्यंत स्ट्रेचरला धरून उभे राहिले, मग गाडी जंतुनाशकाने पुसून काढली आणि सहाला परत फिरले. येताना इंदापूरच्या अलीकडे चालकाचे डोळे मिटले. मदतनीसाने बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर ओतलं म्हणून गाडी दुभाजकावर गेली नाही. पुण्यात आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आठ ते एक, म्हणजे 29 तास.

ऑफिसच्या वहीत या 29 तासांची नोंद अशी: दोन लोकल, एक आउटस्टेशन. लातूरचा भत्ता 400 रुपये, आणि दोघांचं जेवण त्यातच.

आता त्या मुलीने भरलेलं बिल बघा. त्यात जाण्याचे किलोमीटर होते आणि येण्याचेही होते. रिकाम्या गाडीच्या परतीचे पैसे पेशंटकडून घ्यायचे, हा धंद्याचा रिवाज आहे आणि त्यात तथ्यही आहे, कारण डिझेल परत येतानाही जळतं. पण परतीचा प्रवास पेशंटच्या बिलात धंदा ठरतो आणि आमच्या हजेरीत तोच प्रवास आराम ठरतो, तो कसा? "परत येताना गाडी रिकामीच असते की, काम काय करता?" हे आम्हाला तोंडावर ऐकवलेलं वाक्य आहे. गाडी रिकामी असते, साहेब. स्टिअरिंग रिकामं नसतं.

आमचं सगळं भांडण या एका गोष्टीवर आहे. कंपनी म्हणते, कॉल म्हणजे काम आणि बाकी बसणं. आम्ही म्हणतो, तुम्ही गिऱ्हाइकाला विकता ते आमचं बसणंच आहे. 'दहा मिनिटांत गाडी दारात' असं गाडीच्या पाठीवर रंगवलंय. ती दहा मिनिटांत दारात येते, कारण दोन माणसं चार तास जागची हललेली नसतात. आग लागली नाही म्हणून अग्निशमन दलाच्या जवानाचा त्या दिवसाचा पगार कुणी कापत नाही. मग पेशंट आला नाही म्हणून आमचा दिवस अर्धा का धरायचा?

कायद्यातली गंमतही ऐका. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचा कामाचा दिवस आठ तासांचा ठरवला. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या कामगार संहितेतही मर्यादा आठच तासांची आहे. 1961 च्या कायद्यात कामाच्या तासांची व्याख्या अशी की कामगार मालकाच्या दिमतीला असेल तो वेळ, गाडी चालवण्याचा वेळ आणि त्याला जोडून येणारी इतर कामं. इथपर्यंत ठीक. पुढे एक बारीक ओळ आहे: थांब्यावर नुसतं हजर राहणं 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तर ते कामात धरावं. मालकाच्या वकिलाचं बोट नेमकं या ओळीवर असतं. त्यापेक्षा जास्त थांबलात तर तो तुमचा वेळ, असं तो म्हणतो. अहो, ती ओळ बसच्या थांब्याचा विचार करून लिहिलेली आहे. एसटीचा चालक शेवटच्या थांब्यावर उतरून चहा पिऊ शकतो, पुढची फेरी किती वाजता आहे हे त्याला ठाऊक असतं. आम्हाला पुढची फेरी केव्हा हे ठाऊक नसतं, म्हणून तर आम्ही 'दिमतीला' असतो. आणि सिलिंडर बदलणं, चादरी बदलणं, ओकारी धुणं, सक्शन मशीन चार्जिंगला लावणं ही जोडकामं नव्हेत तर काय आहेत? ही सगळी त्या 'बसण्या'तच होतात.

आमच्यातल्या बहुतेकांच्या हातात महिन्याला साडेतेरा हजार पडतात. एक खाडा झाला की दोन दिवसांचे पैसे कापतात. जादा तासांचा दर कायद्याने दुप्पट आहे, आमच्याकडे जादा तास हा शब्दच वहीत नाही. नेमणूकपत्र नाही. पगार सातव्या तारखेच्या आत मिळायला हवा, तो पंधरा-वीसला होतो, आणि मधल्या दिवसांत मालकाकडूनच उचल घ्यावी लागते. आपलेच पैसे उचल म्हणून घ्यायचे आणि वर उपकार मानायचे.

ईएसआय, म्हणजे कामगार विमा, मागितलं की कंपनी म्हणते, परवडत नाही. दहा किंवा जास्त कामगार असले आणि पगार 21,000 च्या आत असला की ते लागू होतं. मालकाचा वाटा 3.25 टक्के. साडेतेरा हजारांवर हिशेब केला तर माणशी महिन्याला 439 रुपये. लातूरच्या भत्त्यापेक्षा 39 रुपये जास्त. आमच्यातल्या एका मदतनीसाला गाडी आवरताना चादरीत राहिलेली सुई टोचली, तेव्हा रक्ततपासणीचे पैसे त्याने स्वतः भरले. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस दिली पाहिजे, असं 2016 चे नियम सांगतात. आम्हाला लस कुणी विचारली नाही, उलट सुई टोचलीच कशी, एवढं मात्र विचारलं.

इथं तुमचाही संबंध येतो, म्हणून न लपवता सांगतो. गाडीवर 'कार्डिअ‍ॅक' लिहिलेलं असतं, आत मॉनिटर असतो, आणि त्याच्यापाशी बसलेल्या पोराला कधी कधी तीन दिवस शिकवून पाठवलेलं असतं. पोरगा मनाने चांगला असतो. पण मॉनिटर ओरडायला लागला की तो आधी तुमच्याकडे बघतो. तुम्ही पैसे कार्डिअ‍ॅकचे भरलेले असतात.

अपघात झाला तर गुन्हा कंपनीच्या नावावर नाही, चालकाच्या नावावर लागतो. हयगयीने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर तुम्हाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो व्हावाच. पण 26 तास जागलेल्या माणसाच्या हाती तीच रुग्णवाहिका देणाऱ्याला काय होतं? आम्ही तरी आजवर काही झालेलं पाहिलेलं नाही.

कोरोनात, 22 मार्च 2020 च्या संध्याकाळी पाच वाजता, तुम्ही आरोग्यसेवेतल्या माणसांसाठी थाळ्या वाजवल्या. आम्हीही गाडीतून ऐकल्या, बरं वाटलं होतं. त्याचं उसनं मागायला आम्ही आलेलो नाही.

काही जण विचारतील, एवढं आहे तर संप का करत नाही? कारण संप केला तर मरणार पेशंट, मालक नाही. हे मालकाला पक्कं माहीत आहे आणि त्याच्याच जिवावर हा कारभार चालतो. म्हणून आम्ही संप करणार नाही. गाडीत घेतलेला पेशंट मध्येच सोडणार नाही. शिवाजीनगरच्या कामगार खात्यात सह्यांचा अर्ज देतो आहोत: हजेरी वेळेसकट लिहा, परतीचे तास कामात धरा, जादा तासांचे दुप्पट द्या, लांबच्या कॉलला दोन चालक द्या. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत एक गोष्ट आम्ही स्वतःच करणार. सलग 12 तास झाले की नवा बाहेरगावचा कॉल घेणार नाही, दुसरी गाडी फोन करून बोलावून देऊ.

त्या वेळी ऑफिसातून तुम्हाला सांगतील, ड्रायव्हर नखरे करतोय. तुम्ही एवढंच विचारा, तो किती वाजल्यापासून ड्युटीवर आहे? आणि उत्तर बिलावर लिहून मागा.

तुमचे,
खासगी रुग्णवाहिकांवरचे चालक व मदतनीस, पुणे