कंबरदुखी आणि ऑस्टिओपॅथी
ऑस्टिओपॅथी ही मुख्यतः हातांनी करायची उपचारपद्धती अमेरिकेतील अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडली. १८९२ मध्ये त्यांनी मिसूरीतील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर आज पूर्ण परवान्याचे डॉक्टर असतात, तर ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्यानुसार त्यांची स्वतंत्र नोंदणी होते. उपचारक रुग्णाचे उभे राहणे, वाकणे, वळणे पाहतो, आखडलेले स्नायू दाबून आणि ताणून सैल करतो, सांधे सावकाश फिरवतो. क्वचित मणक्याच्या सांध्याला छोटा, वेगवान झटका देतो. त्या वेळी येणारा ‘कट्’ असा आवाज सरकलेले हाड जागेवर बसल्याचा नसतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होण्याशी त्याचा संबंध आहे. सर्वाधिक अभ्यास कंबरदुखीवर झाला आहे आणि तिथे मिळणारा आराम खरा, पण माफक असतो. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिका असे उपचार व्यायामाच्या जोडीनेच सुचवते. मानदुखीतही काहींना उतार पडतो. दमा किंवा तान्ह्या बाळांच्या पोटदुखीबाबतचे दावे मात्र पुराव्याला उतरलेले नाहीत. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे नेहमीचेच. मानेला झटका दिल्यास रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका दुर्मीळ असला तरी गंभीर आहे. हाडे ठिसूळ झालेल्यांना झटका देऊ नये. आणि पाठदुखीबरोबर ताप, पायांत वाढती कमजोरी, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही दिसल्यास आधी रुग्णालय गाठावे.