राहिलेल्यांचे काय?

मराठी प्रवासवर्णन वर्गात शिकवणाऱ्या आपण सर्वांनी एकदा स्वतःला विचारायला हवे, की आपण नेमका कुणाचा परदेश वाचतो? आपण फिरलेल्यांचा परदेश वाचतो, राहिलेल्यांचा नाही.

निमित्त झाले ते फुलंब्री तालुक्यातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. इथल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयाची फी झेपेना म्हणून तो चीनमधल्या एका शहरात शिकायला गेला. अडीच वर्षे राहिला. जानेवारी २०२० मध्ये सुटीवर घरी आला आणि मागे दार बंद झाले. परदेशी विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. तोवर त्याने गोठ्याशेजारच्या खोलीत बसून मोबाईलवर विकृतिशास्त्राची व्याख्याने ऐकली. "चीनविषयी काही लिही," असे मी सुचवले, तेव्हा तो म्हणाला, "काय लिहू सर? मी तिथं फिरलोच न्हाई, नुसता राहिलो."

हे वाक्य त्याचे नाही. आपण त्याला शिकवलेले आहे. स्थळ, निसर्ग, लोकजीवन, लेखकाची मिश्कील शैली, एवढ्या रकान्यांत बसेल ते प्रवासवर्णन. चीनची भिंत पाहिली की साहित्य होते. शहरात उतरल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे राहण्याची नोंद करावी लागते, हे मात्र साहित्य नव्हे. मीना प्रभूंचे 'चिनी माती' मी आवडीने वाचले आहे, माझी तक्रार त्या पुस्तकाविषयी मुळीच नाही. ते वाचले की चीन संपला, असे मानणाऱ्या आपल्याविषयी आहे.

आणि विचारले तर केवढे निघते! तिथे व्हॉट्सॲप चालत नाही, म्हणून त्याच्या आईने गावात बसून वीचॅट शिकून घेतले. २९ जून २०२० रोजी भारताने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत तेही गेले. आणि वर्गाच्या सूचना त्यावरच येत असत. रस्त्यावरची मुले त्याच्याकडे पाहून 'लाओवाय' म्हणत, म्हणजे परका. वर्षभर घोकलेली चिनी वॉर्डातल्या म्हातारीपुढे लुळी पडली, कारण ती बोलत होती तिथली बोली. "आपल्या प्रमाण मराठीवानी झालं सर," तो म्हणाला. भाषाविज्ञानाच्या तासाला मी इतके नेमके उदाहरण कधी दिलेले नाही.

अनुभव म्हणजे साहित्य नव्हे, हा आक्षेप येणारच. मान्य. पण विष्णुभट गोडसे कशासाठी निघाले होते? स्थलदर्शनासाठी नव्हे, घरावर कर्ज होते, दक्षिणा मिळवायची होती. झाशीला ते अडकले आणि राहिले, म्हणून 'माझा प्रवास' झाला.

फुलंब्रीवरून जो रस्ता पुढे अजिंठ्याला जातो, त्या प्रदेशाचे वर्णन सातव्या शतकात एका परदेशी विद्यार्थ्याने करून ठेवले आहे. ह्युएनत्संगाने. हत्तींच्या शिल्पांचा तो डोंगरातला विहार अजिंठ्याचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परीक्षेत आपण त्याच्याकडून पुलकेशी घेतो आणि मोकळे होतो. पण नालंदेत शिकत असताना त्याला रोज तांदूळ किती आणि सुपाऱ्या किती मिळत, हेही त्याच्या शिष्याने, हुइलीने, चरित्रात लिहिले. परदेशात शिकणारा आपला माणूस रोज काय खातो, हे त्या शिष्याला नोंदवण्याजोगे वाटले. आपल्याला ते क्षुल्लक वाटते.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचेही आपण हेच केले. १९३८ मध्ये ते चीनला गेले, चिनी शिकले, तिथे संसार केला, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी त्यांना पडद्यावर 'अमर' केले, आणि अमर माणसाला भाषेची अडचण कुठली, घरच्या जेवणाची आठवण कुठली! असो.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याने अखेर दोन पाने आणून दिली. वसतिगृहातल्या उकळत्या पाण्याच्या नळाविषयी आहेत: पहाटे थर्मास घेऊन लागणारी रांग, आणि थंड पाणी मागणाऱ्या या मुलाकडे काळजीने पाहणारी तिथली मावशी. विभागातल्या एका सहकाऱ्यांनी ती चाळली आणि विचारले, "पण यात चीन कुठे आहे?" पाने सध्या त्यांच्याच टेबलावर आहेत.