प्रबंधातील माहिती आणि तिची प्रस्तुतता

लोकसाहित्यावरील प्रबंधिका वाचताना अलीकडे एक अनुभव वारंवार येतो. विषय शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील ठाकूर समाजाच्या गीतांचा असतो. परंतु प्रत्यक्ष गीतांपर्यंत पोहोचण्यापूर्वी वाचकाला ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ, पर्जन्यमान, माहुली किल्ल्याचा इतिहास, माळशेज घाटाचे सृष्टिसौंदर्य आणि भातसा धरण असा दीर्घ प्रवास करावा लागतो. पूर्वी ही माहिती गॅझेटिअरमधून हाताने उतरवून घ्यावी लागे. त्या श्रमांमुळे तरी काही निवड होत असे. आता ती संगणकावरून क्षणात उचलता येते आणि निवडीची गरजच संपल्यासारखी वाटते.

ही माहिती खोटी असते असे नाही. प्रश्न प्रस्तुततेचा आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख नोंदलेली आहे. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके त्यात गेले. तरीही 'ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या' म्हणून तोच आकडा निःशंकपणे उतरवला जातो. त्याच्या पाठोपाठ वारल्यांचे लग्नचौक आणि धवलेरीची गाणी ठाकूर समाजावरील प्रकरणात शिरतात. 'आदिवासी' या एका शब्दाखाली सारे सामावते. 'क' ठाकूर आणि 'म' ठाकूर हा त्या समाजातीलच भेद मात्र नोंदवायचा राहून जातो.

मग पार्श्वभूमी नकोच का? अवश्य हवी. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली बदलापूर या आपल्या गावावर ग्रंथ सिद्ध केला. त्यात तपशिलाची विपुलता आहे, परंतु तो पसारा वाटत नाही. कारण ते गाव समजून घेणे हेच त्या तपशिलाचे प्रयोजन आहे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मुरबाड तालुक्यातील एका वाडीवरच्या वृद्ध स्त्रीकडून सात गीते मिळवली. प्रबंधिकेत ती परिशिष्टात, अर्थाविना आली. ही गीते ती कोणत्या प्रसंगी गाते, कोणाकडून शिकली, एखादे कडवे का गाळते, यांपैकी कशाचीच नोंद नव्हती. भौगोलिक पार्श्वभूमीला मात्र चाळीस पाने होती. मार्गदर्शक मीच होतो आणि त्या चाळीस पानांना माझीच संमती होती. उणीव ध्यानात आल्यावर विद्यार्थिनी पुन्हा त्या वाडीवर गेली, तेव्हा ती स्त्री हयात नव्हती.

म्हणून मार्गदर्शकांनी, आणि त्यांत प्रस्तुत लेखकही आला, पार्श्वभूमीच्या प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारावा: हा वगळल्यास पुढील एका तरी गीताचा अर्थ उणा होतो काय? होत नसेल, तर तो वगळावा आणि वाचलेला वेळ वाडीवर घालवावा. पर्जन्यमानाचे आकडे उद्याही मिळतील.