दारचा कुत्रा आणि त्याचा दवाखाना

खेड्यातील घरी कुत्रा व मांजर ही केवळ हौसेची जनावरे नसतात. कुत्रा रात्री खळ्याची व गोठ्याची राखण करतो. मांजर भाताच्या कणगीपासून उंदीर दूर ठेवते. दोघेही घरचे कामकरीच. तरीपण गाय आजारी पडली की घरधनी तत्काळ गुरांच्या दवाखान्याची वाट धरतो आणि कुत्रा आजारी पडला तर ‘होईल बरा आपोआप’ असे म्हणून त्यास परसात सोडून देतो. गाईचे दूध मापता येते, कुत्र्याची राखण मापता येत नाही, एवढेच त्याचे कारण. आज या दुर्लक्षित प्राण्यांच्या दवाखान्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

बेळगाव व खानापूर तालुक्यांतील आमच्या कुटुंबांपुढे दोन वाटा असतात. एक, जवळपासचा सरकारी गुरांचा दवाखाना. दुसरी, शहरातील खाजगी डॉक्टर. पहिला जवळ व कमी खर्चाचा. परंतु तेथील डॉक्टरांवर अनेक गावांच्या गुरांचा भार असतो. दुसरा दूर व खर्चाचा; परंतु तेथे रक्ततपासणीची व शस्त्रक्रियेची सोय असण्याचा संभव अधिक. यांतील एकच निवडावा असे आम्ही म्हणत नाही. लस व साध्या दुखण्यासाठी जवळचा, गंभीर प्रसंगासाठी दूरचा, असे दोन्ही आधी ठरवून ठेवावेत. पिलाला पार्व्हो रोगाने उलट्या व रक्ताची हगवण लागली, तर दोन-तीन दिवसांत ते हातचे जाऊ शकते. त्या घाईत ‘चांगला डॉक्टर कोठे आहे हो?’ असे विचारीत हिंडण्यास सवड नसते.

निवड करताना पहिली चौकशी माणसाची करावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये नोंदणी झालेल्या पशुवैद्यासच जनावरांवर वैद्यकी करण्याचा अधिकार आहे. हाताखालचा मदतनीस डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलमपट्टी करील, परंतु रोगनिदान हे त्याचे काम नव्हे. डॉक्टरांची पदवी व नोंदणी यांविषयी विचारण्यात उद्धटपणा नाही. सच्चा डॉक्टर त्याचा राग मानीत नाही.

दुसरी चौकशी लशीची, आणि येथे प्रश्न जनावरापुरता राहत नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी शेकडा ९९ पर्यंत रुग्णांना तो रोग कुत्र्याकडून येतो, आणि संशयित जनावराने चावा घेतलेल्यांत शेकडा ४० मुले १५ वर्षांखालील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे एकदा दिसू लागली की या रोगातून माणूस सहसा वाचत नाही. म्हणून कुत्र्याची लस ही अंगणात खेळणाऱ्या लेकराचीही राखण आहे. शेजारच्या गोव्यात गावोगावी फिरून पाळीव व भटक्या कुत्र्यांना लस टोचण्याचे काम चिकाटीने झाले, आणि २०२१ साली तेथील शासनाने राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही, हेच त्यावरून दिसते.

परंतु उन्हात तापलेली लस ही लस राहत नाही. ती २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यात ठेवावी लागते. तेव्हा ‘लस कोठे ठेवता? वीज गेली तर काय करता?’ असे नम्रपणे विचारावे. पहिली मात्रा पिलाच्या तिसऱ्या महिन्यात, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि नंतर दरवर्षी द्यावी. बाटलीवरची चिठ्ठी पुस्तिकेत चिकटवून तारीख व सही घ्यावी. एवढे करूनही कुत्र्याने कोणास चावा घेतलाच, तर जखमेवर तिखट वा चुना न भरता ती साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्या माणसास विनाविलंब माणसांच्या दवाखान्यात न्यावे.

तिसरी चौकशी तपासण्याच्या रीतीची. जो डॉक्टर जनावराचे वजन करतो, ताप पाहतो, हिरड्यांचा रंग पाहतो आणि मगच औषध देतो, त्याच्यावर विसंबावे. आपल्याकडे गोचिडांमुळे कुत्र्यांना ताप येतो, अन्न सुटते, हिरड्या पांढऱ्या पडतात. असा रोग रक्त तपासल्यावाचून नीट उमगत नाही. न तपासता प्रत्येक दुखण्यास तेच एक इंजेक्शन टोचणारा स्वस्त पडतो खरा, पण त्याचे मोल मागाहून कळते.

मांजराच्या बाबतीत अधिक जपावे. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. गुरांच्या किंवा कुत्र्यांच्या गोचिडांवरचे काही औषधही तिला विषासमान ठरते. म्हणून ‘आपण मांजरे नेहमी तपासता काय?’ हे आधी विचारावे, आणि तिला नेताना झाकणाच्या टोपलीतून न्यावे. नसबंदी करवायची असल्यास भूल कोण देतो, आदल्या रात्री उपाशी ठेवावे काय आणि शुद्धीवर येईपर्यंत जनावर कोठे ठेवतात, हेही समजून घ्यावे.

शेवटी पैशाची गोष्ट. गरिबाने खर्च आधी विचारण्यात कमीपणा मानू नये. ‘आमच्याजवळ इतकेच आहे, यात काय होईल?’ असे म्हटल्यावर जो डॉक्टर न रागावता मार्ग सुचवितो, आणि जगण्याची आशा नसेल तर तसे स्पष्ट सांगतो, तो जोडून ठेवण्याजोगा. इमारतीच्या चकचकाटावरून त्याची परीक्षा होत नाही.

तेव्हा पुढच्या बाजाराच्या दिवशी, कुत्रा धडधाकट असतानाच, घरातल्या एकाने तासभर काढून दवाखाना पाहून यावे. डॉक्टरांची वेळ, रात्रीच्या सोयीचा दूरध्वनी क्रमांक व खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि तो कागद घरातल्या सर्वांना, मुलांनासुद्धा, दिसेल अशा जागी लावावा. आणि घरच्या कुत्र्याची या वर्षीची लस राहिली असेल, तर त्याच फेरीत तिचा दिवस ठरवून यावे.