पोरांचा संघ कोणत्या विभागात, हे कोण ठरवणार?

युसूफ वडगाव आणि आसपासच्या गावकऱ्यांना मांजरा नदीची ओळख करून द्यायला नको. अलीकडे केज, पलीकडे कळंब. सोयरीक चालते, बाजार चालतो, धनेगावच्या धरणाचं पाणी दोन्हीकडे जातं. पण शाळेचा खो-खोचा संघ जिल्हा जिंकून पुढं निघाला की वाटा फुटतात. कळंबची पोरं लातूर विभागात खेळायला जातात आणि आपली छत्रपती संभाजीनगर विभागात. तीच पोरं पुढं कॉलेजात गेली की दोन्ही काठ परत एकाच विद्यापीठात! नकाशावर रेघा मारणाऱ्यांनी पोरांचा विचार केला असेल, असं तुम्हाला वाटतं का?

ह्यात काय एवढं, खेळच तर आहे, असं म्हणू नका. शालेय स्पर्धेची शिडी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी कामाला येतं ते वरच्या पायरीवरचं पदक. तालुक्याच्या ढालीवर पोलीस भरती होत नाही. दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या पोराला ही वाट फार मोलाची आहे. संभाजीनगर इथून जवळपास दोनशे किलोमीटर, लातूर त्याच्या निम्म्याहूनही जवळ. सकाळच्या सामन्यासाठी आदल्या दिवशी निघायचं, मुक्कामाची सोय बघायची, संघासोबत गुरुजी पाठवायचे, आणि मुलींचा संघ असला तर आई-बापाची समजूत काढायची. कितीतरी संघ मैदानात हरत नाहीत, ते एस.टी. स्टँडवरच हरतात.

विभाग आणि विद्यापीठं बदलणं ही काही नवलाची गोष्ट नाही. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा अख्खा मराठवाडा एका छत्राखाली होता. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं तिकडं गेली. औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद (नावं तेव्हाची) जुन्याच विद्यापीठात राहिले. (ज्या अंबाजोगाईत स्वामीजींनी शाळा चालवली, ती त्यांच्या नावाच्या विद्यापीठाबाहेर राहिली, हेही जाता जाता सांगून टाकतो.) त्या वेळी चर्चा झाली ती परीक्षांची, निकालांची आणि इमारतींची. पण खेळाडूंच्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळीच घडली. कबड्डीच्या संघात १२ गडी. आधी सात जिल्ह्यांतून १२ निवडायचे, आता मराठवाड्याचे दोन संघ झाले, म्हणजे जागा दुप्पट. २००४ मध्ये सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून निघाली आणि एकट्या सोलापूर जिल्ह्याला अख्खा संघ मिळाला. आपला बीड अजून चौघांत वाटेकरी आहे.

इकडं सरकार रेघ मारतं आणि कॉलेज गुमान नव्या दावणीला जातं. अमेरिकेत कॉलेजं स्वतःच दावं तोडतात, तेही टीव्हीच्या पैशासाठी. 'बिग टेन' नावाच्या तिकडच्या गटाचा टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या वर गेला. मग २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं शेजारचा जुना गट सोडून त्यात शिरली. आता त्यांची पोरं हजारो किलोमीटरवर, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला सामन्याला जातात. बर्कलेचं विद्यापीठ पॅसिफिक महासागराच्या बाजूचं, ते 'अटलांटिक किनारा' नावाच्या गटात दाखल झालं. म्हणजे गणपतीपुळ्याच्या संघानं गडचिरोलीच्या तालुका स्पर्धेत नाव द्यावं तसं! तिथं प्रवासाचा खर्च निघतो तरी. आपल्याकडं वर्गणी काढावी लागते.

पण आपल्या मातीत खेळाडू नाहीत असं कोण म्हणेल? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्याच केज तालुक्यातल्या कळंबअंब्याची. तिचा खेळ मात्र वाढला पुण्यात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ऑलिंपिकपर्यंत धावला, तो सैन्यात गेल्यावर. दोघांचा अभिमान आहेच, पण दोघांनाही वर नेणारी शिडी जिल्ह्याबाहेरची होती.

हे आताच मांडण्याचं कारण असं की, अंबाजोगाई जिल्ह्याची मागणी जुनी आहे आणि कधी ना कधी तिचा निकाल लागेल. तेव्हा सगळे विचारतील की कलेक्टर कचेरी कुठं, एस.पी. कुठं बसणार. पोरांचा विभाग कोणता, हे कोणी विचारणार नाही. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाला तेव्हा तिथल्या शाळांना जिल्हा विजेतेपदाची आपली स्वतंत्र जागा मिळाली. तशी आपल्यालाही मिळेल. प्रश्न आहे तो त्यापुढच्या पायरीचा.

माझं मत विचाराल तर खेळापुरतं तरी लातूर विभागात जावं. त्यात एक खोट आहे, ती लपवत नाही. लातूर विभागात धाराशिव आहे, आणि खो-खोत धाराशिव म्हणजे अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या सारिका काळेचं गाव. राज्याच्या आधीच त्यांच्याशी गाठ पडेल आणि पहिली काही वर्षं आपले संघ मार खातील. तरीही मला तेच बरं वाटतं. घरून सकाळी निघून तगड्या संघाशी खेळून रात्री परत येता आलं, तर पुढच्या वर्षी तीच पोरं पुन्हा जातील. पोरींना तर नक्कीच पाठवतील.

आणि त्यासाठी नव्या जिल्ह्याची वाट कशाला बघायची? महसुलाची हद्द आणि खेळाची हद्द एकच असली पाहिजे असं थोडंच आहे? कळंबची पोरं शाळेत लातूर विभागात आणि कॉलेजात संभाजीनगरला चालतात, मग केज, अंबाजोगाई, धारूर, परळीच्या शाळांचे विभागीय सामने लातूरला का नकोत? तेही जमत नसेल तर विभागाची एखादी स्पर्धा दरवर्षी अंबाजोगाईला भरवा, संभाजीनगर-जालन्याची पोरं येतील इकडं.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. ठरावाची एक प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना, एक विभागाच्या क्रीडा उपसंचालकांना आणि एक आमदारांना द्या. ठरावासोबत शाळेच्या मुख्याध्यापकांकडून गेल्या पाच वर्षांत किती संघ जिल्ह्यापर्यंत गेले, पुढं किती गेले आणि प्रवासाला किती खर्च आला, याचा साधा तक्ता घेऊन जोडा.